रीडिंग

एकतीस वर्षं मी मीटर वाचले.
सायकल, खिशात विजेरी, बगलेत लांब वही.
जिन्याखालच्या काळोखात, काचेमागे,
ॲल्युमिनियमची चकती
आणि तिच्यावरचा तो काळा ठिपका.
तो किती वेळात परत येतो यावरून कळायचं
घरात पाहुणे उतरलेत, की माणूस कमी झालंय.
कुलूप असलं तर शेरा मारायचा : दार बंद.

चकती उलटी फिरताना मी दोनदाच पाहिली.
दोन्ही वेळा पंचनामा केला.
त्यातला एक भवानी पेठेतला पापडवाला.
हात पुसून एवढंच म्हणाला,
"साहेब, सही कुठं करू?"

परवा रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सभा.
सहकारनगर, पार्किंग, स्कूटरी बाजूला काढून.
विषय एक : गच्चीवर सौर पॅनेल, सरकारी अनुदानासह.
सभा चारला, कारण त्याआधी कुणी उठत नाही.

घैसास म्हणाले, अनुदान म्हणजे आपलेच पैसे
आपल्याच हातात, मधे थोडे सांडून.
हेर्लेकरबाई उसळल्या :
कोळशाला देतात तेव्हा बोललात?
धुराचं बिल कधी कुणाच्या दारात पडलंय?
निमकरांनी विचारलं, उद्या सरकारनं हात काढला तर?
जोशीपुऱ्यांच्या सूनबाईंनी विचारलं, कुरडया कुठं वाळवायच्या?
(या एका प्रश्नाची इतिवृत्तात नोंद झाली.)
भाडेकरू मागे उभे होते.
त्यांना मत नाही. बिल मात्र तेच भरतात.

कंपनीचा पोरगा हसून म्हणाला,
"काका, तुमचा मीटर उलटा फिरेल!"
टाळ्या पडल्या.
माझा हात आपोआप खिशाकडे गेला,
पंचनाम्याचं पॅड शोधायला.

तरी मी हात वर केला तो बाजूनेच.
नोकरीच्या पहिल्या वर्षी चंद्रपूरला होतो.
सकाळी दोरीवर टाकलेला पांढरा सदरा
संध्याकाळी राखाडी झालेला असे.
धुवून पुन्हा टाकायचा. पुन्हा तेच.
तो सदरा मी सभेत मांडला नाही.
असल्या गोष्टींना अनुमोदक मिळत नाही.

ठराव मंजूर. वडे आले.

जिन्याखाली सूर्यभान परदेशी इस्त्री करत होता,
कोळशाची, कारण त्याला प्लग द्यायचा नाही
हा ठराव आम्ही सात वर्षांपूर्वी एकमताने केलाय.
माझ्या शर्टावर पाणी शिंपडत त्यानं विचारलं,
"साहेब, आमच्या पत्र्यावर बसंल का ते?"

आणि मी सांगत सुटलो :
छत नावावर हवं, भार पेलायला हवा,
आधीची थकबाकी नको, ना-हरकत दाखला लागेल.
माझाच आवाज मला ऐकू येत होता,
काउंटरच्या जाळीमागून यावा तसा.

"म्हंजे आधी छप्पर."
हो.
"मग सबसिडी."
हो.
त्यानं कॉलर उलटी करून दाबली.
"ऊन तर आधी आमच्याच पत्र्यावर येतं," म्हणाला,
तक्रार म्हणून नाही,
तळजाईच्या उतारावरचा पत्ता सांगावा तसं.

पॅनेल बसली. पहिलं बिल आलं ते कौतुकानं
नोटीस बोर्डावर लावलं गेलं.
रात्री मी विजेरी घेऊन खाली उतरलो, सवयीनं.
चकती नाही आता, नुसते हिरवे आकडे लुकलुकतात :
इतकी आली, इतकी गेली.
जुन्या वहीत उतरवून घेतले.

मग त्याच पानावर, खालच्या ओळीत :
ग्राहक, सू. परदेशी.
मीटर, नाही.
मागील रीडिंग, दोन पाट्या कोळसा.
चालू रीडिंग, दोन पाट्या कोळसा.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ हात थांबला,
शेवटी लिहिलं : दार बंद.

आतून की बाहेरून,
हे लिहायला त्या वहीत
जागाच ठेवलेली नाही.