हरकत

काचेआड, कुलूप लावलेल्या फळ्यावर
आम्ही दोघं महिनाभर टांगलेले.
फोटोत रूबेनचा डोळा अर्धा मिटलेला,
माझ्या कपाळावर कार्यालयाचा शिक्का,
गोल, जांभळा, जरा फिसकटलेला.

नाव, वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण.
कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत.
पत्ता असा छापलेला, की वाटलं
बिजागऱ्यांसकट कुणी दार काढून नेलंय घराचं.

पहिला आठवडा मी रोज दुपारी
सीबीएसला उतरून बघायला जायची.
कुणी वाचतंय का,
कुणी मोबाइलवर फोटो काढतंय का.
एकदा एक जण बराच वेळ उभा.
माझे तळहात ओले.
तो काचेत बघून भांग पाडत होता.

घरी अप्पा बोलत नव्हते.
आमटी अळणी झाली तरी मीठ मागत नव्हते.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये, तपासणीला.
करकरीत तावात एखादी रेघ सरकलेली,
एखादा आकडा फिका,
की अख्खा ताव बाद.
मीही तशीच बाजूला काढलेली,
असं मी धरूनच चालले होते.

तेविसाव्या दिवशी फोन आला:
तुमचे वडील आलेत इथे.

रिक्षा शालिमारला अडकली.
उतरले, चालत सुटले, मनात उत्तरं जुळवत.
मी सज्ञान आहे.
पुढचं काही सुचेना.
मी सज्ञान आहे, मी सज्ञान आहे,
चपलेचा अंगठा तुटेपर्यंत.

बाकावर अप्पा. हातात भिंग,
निवृत्तीच्या दिवशी खिशात राहून गेलेलं.
टेबलामागच्या बाई म्हणाल्या,
हरकतीसाठी कागद मागितला त्यांनी,
अर्धा तास झाला, लिहितायत.

त्यांनी माझ्याकडे न बघता कागद सरकवला.
अक्षर टपोरं, प्रेसच्या रजिस्टरातलं.

विषय: नोटिशीतील चुका.
मयूरा. यू दीर्घ. आपण ऱ्हस्व लिहिला आहे.
रूबेन. रू दीर्घ. तोही ऱ्हस्व.
दुरुस्त करून पुन्हा लावावी.

पुन्हा लावली, बाई पुटपुटल्या,
तर दिवस पहिल्यापासून मोजावे लागतील, काका.

अप्पांनी सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसलं.
मोजा, म्हणाले.

मग मला, तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच:
त्याचा फोटोही दुसरा आण.
डोळा मिटलाय.