मिठाचे पैसे

जुलै लागला की आई घर रिकामं करायची.
आमचंच घर.
कपडे पेटीत, पेटी मागच्या अंगणात,
कोळशाच्या खोपीत.
हेविन आणि मी तिथल्या भिंतींना चुना फासायचो,
तरी सकाळी उठलं की नाकपुड्या काळ्या.
बाबा ते दोन महिने होडीतच झोपायचे.
म्हणायचे, वारा छान लागतो.

शनिवारी दुपारच्या गाडीनं
बर्मिंगहॅमहून हॅडली मंडळी बोर्थला उतरायची:
मिस्टर, मिसेस, मिसेसची अबोल बहीण,
आणि मॉरीन. माझ्याच वयाची.
माझ्याच पलंगावर झोपणारी.

आई दारात उभी, एप्रन बदललेला,
तोंडात इंग्रजी, इस्त्रीची,
जपून घडी मोडलेली.
मधलं दार लोटलं की पुन्हा वेल्श
आणि पुन्हा आई.

पाहुणे आपापला बाजार आणायचे, आई रांधायची.
अंड्यांवर पेन्सिलीनं नावं:
हॅडली, हॅडली, हॅडली,
माळ्यावरच्या म्हाताऱ्याचं एकच, गफ.
पाण्याला उकळी फुटली
की सगळी नावं एकमेकांवर आपटायची.
आमच्या अंड्यांवर नाव नसायचं.
जुलै-ऑगस्टात आम्ही अंडी खात नव्हतो.

वहीत हिशेब:
आंघोळीचं गरम पाणी, एक शिलिंग.
टेबलावरचं मीठ-मिरी, आठवड्याचे सहा पेन्स.
मिसेस हॅडली दरवर्षी त्या ओळीवर बोट ठेवायच्या.
"मिठाचेसुद्धा?"
आई खिडकीतून समुद्राकडे बघायची,
जणू तो तिनंच भरून ठेवलाय.

मॉरीनशी सहा वर्षांत एकदाच धड बोलले.
मोठी ओहोटी होती.
बुडालेल्या रानाचे बुंधे वाळूतून वर आलेले,
काळे, भिजून मऊ,
नख लावलं तर सोलून निघणारे.
ती म्हणाली, ही झाडं कुणाची?
मी म्हटलं, आमची.
ती म्हणाली, माझ्या खिडकीतून दिसतात.

माझ्या.

मी एक ढलपी मोडून तिच्या हातात दिली.
राग आला की मी काहीतरी देऊन टाकते.
अजूनही.

सप्टेंबरात घर परत मिळायचं.
गादीत तिच्या अंगाचा खळगा, माझ्याहून वीतभर लांब.
चादर झटकली की वाळू.
हे मला फार नवलाचं वाटायचं.
समुद्राकाठची माणसं वाळू घरी आणत नाहीत.
आम्हाला तिथे जायला वेळच कुठे होता?

परवा लेक, जावई, नातवंडांबरोबर गेले.
तेच घर.
पैसे जावयानं फोनवरून आधीच भरलेले.
भिंतीवरच्या डबीत चावी, आकडे फिरवले की निघते.
दारात कुणी उभं नव्हतं.
तरी मी पाय पुसले.

कोळशाच्या खोपीला आता काचेचं दार,
आत पांढरा पलंग, छताला बारीक दिव्यांची माळ.
तिचं भाडं वेगळं, आणि जास्त.
लेक म्हणाली, आई, तुला जिना नको,
तू इथेच झोप, बघ किती गोड आहे.

मी काही बोलले नाही.
सांगायला घेतलं असतं तर
हेविनपर्यंत जावं लागलं असतं,
आणि त्याच्यापर्यंत हल्ली कुणाचा आवाज पोचत नाही.

सकाळी उठल्या उठल्या नाक पुसलं.
रुमाल पांढराच.
त्या रुमालाकडे जरा वेळ बघत बसले.

टेबलावर मीठ होतं, कुणी हिशेब ठेवत नव्हतं.
मी दोनदा घेतलं.

नातू पांघरुणाची घडी घालत होता.
म्हणाला, आजी, तुझ्या चादरीत वाळू!
मी म्हटलं, असेल.
पहाटे ओहोटीला त्या बुंध्यांपर्यंत गेले होते,
अनवाणी,
कुणाला न सांगता.