जबाबात न बसलेलं

नाव लिहून झालं : व्यंकट मारोती घोडके.
वय त्रेचाळीस, मेंटेनन्स, दुसरी पाळी,
राहणार रांजणगाव शेणपुंजी.
पुढच्या रकान्यात होतं 'घटनेची वेळ'.
तिथं पेन अडलं.

कारण घटना अशी घडलीच नाही.
काच फुटली नाही, भोंगा वाजला नाही,
गेटवरच्या कुंडलिक मामांनी
डबा उघडून तपासावा असं कुणी आत आलं नाही.
वाळूजच्या त्या शेडमध्ये अकरा दिवस
सगळं हिरवं होतं,
स्क्रीन हिरवा, मशीनवरचा दिवा हिरवा,
महिन्याचा आलेख तर जरा जास्तच हिरवा.

फक्त सात नंबरचं मशीन
दर ब्रेक-ड्रमला चाळीस मायक्रॉन जास्त खात होतं.
चाळीस मायक्रॉन म्हणजे किती, हवालदारानं विचारलं.
मी डोक्यातला एक केस उपटून दिला,
म्हणालो, याला उभा चिरा,
त्यातला जाड भाग ठेवा.
तो हसला. लिहिलं नाही.

आणि मोजणारं मशीन
तेवढेच चाळीस कमी सांगत होतं.
दोघे खोटारडे, एकमेकांचे साक्षीदार,
आणि मधे परवीन, क्वालिटीची,
ओके, ओके, ओके, शिक्के मारणारी.
आता ती घरी डाळ घेतानाही
माप दोनदा भरते म्हणे.

पुण्याचा ऑडिटवाला तीन दिवस लॅपटॉपला चिकटला होता.
चौथ्या दिवशी उठला तो सरळ कँटीनकडे गेला.
आम्हाला वाटलं, चहा.
त्यानं टोकनच्या मशीनवर बोट ठेवलं.
पोळ्या किती, जादा भात किती, एवढं मोजणारं
सहा हजारांचं डबडं,
हिशोब ऑफिसात आपोआप जावा म्हणून
त्याच जाळ्यात जोडलेलं
ज्यात सात नंबर होतं.
'इथून आले,' म्हणाला.
कोण? कुठून?
त्यानं खांदे उडवले.
'जेवून गेले समजा.'

डबड्याच्या पोटावर पट्टी :
अ‍ॅडमिन, एक दोन तीन चार.
अक्षर माझं.

पण मशीन कोण वापरतं, असं विचारलं गेलं,
आणि सगळ्यांनी सुग्रीवकडे पाहिलं.
एकोणीस वर्षांचा, अहमदपूरकडचा,
मनगटावर फोडणी उडाल्याचे डाग.
'सायेब, मी निसतं बटन दाबूलालतो,
लोकं जेवूलालते.'
संध्याकाळी त्याची वळकटी गेटबाहेर होती.
कंत्राटदारानं पांढऱ्या टोपीचेही पैसे कापले.

मी तिथंच होतो, हातात टेस्टर.
पट्टी मी लावली, कारण डबडं बंद पडलं
की रात्री दोनला फोन मला,
आणि झोपेत आकडे आठवत नाहीत.
एवढंच. झोपेपुरतं.
नंतर मी ती नखानं खरवडली.
डिंक राहिला. त्याला धूळ धरते,
चौकोन अजून दिसतो.

गेलेल्यातले बहुतेक ड्रम परत आले.
तीनशे नऊ आले नाहीत.
ओअ‍ॅसिस चौकात, सिग्नलला, मी कडेला उभा राहतो.
गाड्या येतात, थांबतात.
थांबतात.
मागच्या सीटवर पोरगं, त्याच्या गळ्यात पाण्याची बाटली,
बाई ब्रेक दाबते
आणि मी माझे पाय जमिनीत रोवतो.

आता पासवर्ड दर तीस दिवसांनी बदलतो.
आठ अक्षरं, एक आकडा, एक खूण,
घरच्यांची नावं चालणार नाहीत.
काल रात्री मी टाईप केलं : सुग्रीव.
खाली लाल रेघ आली :
दुबळा आहे.
पुढे एकोणीस लावलं.
अजून दुबळा.
आता एक खूण हवी म्हणतंय.
कोणती लावावी, ते
कीबोर्डावर शोधत बसलोय.