वस्तू क्रमांक एक्केचाळीस

इंदूरहून सकाळची बस मला फाट्यावर सोडते.
पुढे सोयाबीनमधून चालत गेलं
की दोन दारांचं ते लांब घर:
एक दार बायांचं, एक पुरुषांचं,
आत दोन जिने, शेजारी शेजारी,
शंभर वर्षांत एकमेकांना न शिवलेले.

आसपासच्या खेड्यांत त्यांना कापरे म्हणत,
प्रार्थनेला उभे राहिले की अंगात कापरं भरायचं म्हणून.
लग्न नाही, लेकरू नाही, दाराला कुलूप नाही.
चूल एक, हिशेबाची वही एक,
आणि भिंतभर खुंट्या.
काम आटोपलं की खुर्च्याही खुंटीला टांगायच्या, उलट्या,
बैठकीवर धूळ बसू नये म्हणून.
आता बसायला धूळच तेवढी उरली आहे,
आणि तिला उलटी खुर्चीही चालते.

माझं काम मोजण्याचं.
खुंट्या दोनशे अठरा.
भेंडीच्या बियांची पाकिटं, शिक्क्यासकट, बहात्तर.
वाकवलेल्या लाकडाचे डबे, एकात एक, सात;
झाकण लावताना आतली हवा
हळूच सुस्कारा टाकते. तो मोजता येत नाही.
वस्तूला नंबर, नंबराला कार्ड,
कार्डावर शेवटी: स्थिती, बरी.

आणि एक्केचाळीस नंबरला झाडू.
शिंदीचा, चपटा, सुताच्या पाच ओळींनी शिवलेला.

मथूताई शेवटच्या.
वय विचारलं तर म्हणतात,
"वहीत असेल की. वही तुमच्याकडेच आहे ना?"
रोज सातला येतात.
चपला बायांच्या दाराशी काढतात,
मी बांधलेली दोरी ओलांडतात,
खुंटीवरून एक्केचाळीस काढतात
आणि झाडायला लागतात.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "ताई, हा संग्रहातला आहे."
"हो," म्हणाल्या, "मीच बांधलाय."
दुसऱ्या दिवशी मी सियागंजातून नवा आणला,
प्लॅस्टिकच्या मुठीचा, हिरवागार.
त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला,
पाहुण्याचं मूल पाहावं तसा, कौतुकाने,
आणि रिकाम्या खुंटीला टांगला.
"हा ठेवा तुमच्या संग्रहात."

मार्चमध्ये भोपाळहून तारकुंडे मॅडम आल्या, टेप घेऊन.
कार्डावर चौऱ्याण्णव सेंटिमीटर, टेपवर एक्याण्णव.
"तीन सेंटिमीटर गेले कुठे?"
मी खाली पाहिलं.
फरशीत दोन्ही जिने दिसत होते, उलटे,
आणि मॅडमचे बूटही.
फॉर्ममध्ये 'वापरात' असा रकाना नाही.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

पौषात त्या चार दिवस आल्या नाहीत. ताप होता.
पाचव्या दिवशी कुणी नसताना
मी एक्केचाळीस हातात घेतला.
जमेना.
एका अंगाला झुकायचा, कचरा सोडून पुढे जायचा.
बऱ्याच वेळाने कळलं,
तो डाव्या हाताने झिजला होता.
दोन वर्षं मी त्याची लांबी, रुंदी, वजन लिहीत होतो
आणि मथूताई डावखुऱ्या आहेत
हे एकाही कार्डावर नव्हतं.
मग डाव्या हातात धरला.
अर्धी खोली झाली तेव्हा पाठ भरून आली,
मनगट कापायला लागलं.
ते कापरं नव्हे. नुसती सवय नसल्याची थरथर.
तरी मी थांबलो नाही.

सहाव्या दिवशी ताई आल्या, शाल गुंडाळून.
दारातच उभ्या राहिल्या, फरशी पाहिली.
"कोपरे राहिलेत," म्हणाल्या,
आणि हात पुढे केला.
हातही कापत होता, वयाने की प्रार्थनेने,
मी विचारलं नाही. झाडू मात्र
त्या हातात गेल्यावर सरळ झाला.

त्या संध्याकाळी, बस चुकवून,
मी एक नवं कार्ड लिहिलं:
क्रमांक तीनशे सहा. झाडू, प्लॅस्टिकची मूठ, हिरवा.
देणगीदार: मथूताई.
स्थिती: उत्तम. कधीच वापरलेला नाही.