सहभागी क्रमांक चार

शाल्मलीनं आधी कागदावर सही घेतली.
नाव घालू नकोस, म्हणाली, तू आता सहभागी क्रमांक चार.
मध्येच उठून जायचा तुला हक्क आहे,
कारणही सांगावं लागणार नाही.
मी रात्रपाळीहून आलेली, पायांत अजून वॉर्डातले बूट.
म्हटलं, बाई गं, सोळा वर्षांच्या नोकरीत
हा हक्क मला कुणी दिला नव्हता.
ती हसली नाही.
प्रयोगात हसायचं नसतं म्हणे.

स्विंडनमधला गुरुवार. बाहेर कचऱ्याची गाडी मागे मागे येत पीं-पीं करतेय,
आत ओट्याला टेकून माझी ए-लेव्हलची मानसशास्त्रज्ञ,
हातात फोनचं स्टॉपवॉच, वीस शब्दांची यादी,
आणि शाळेतून शिकून आलेला तो सपाट आवाज
ज्यात मला ओळखल्याची खूण नाही.
ती इंग्रजीत वाचत गेली.
माझ्या डोक्यात ते मराठीतच पडत गेले,
चमचा, घोडा, खिडकी, पूल,
पत्र्यावर चिंचा पडाव्यात तसे.

पहिले चार चोख आले. शेवटचे पाच चोख.
मधल्या अकरांतले दोनच.
सगळ्यांचं असंच होतं, आई, ती म्हणाली,
सुरुवात राहते, शेवट राहतो, मधलं गळून जातं.
प्रिचर्डबाईंनी फळ्यावर आलेख काढून दाखवला होता,
तो तिनं हवेत काढला:
दोन्ही टोकं वर, मध्ये खोल झोळी.
पण तू बारा शब्द सांगितलेस.
एक यादीत नव्हताच.
बिस्किट.

ती अंघोळीला गेली.
टेबलावर तिची गुलाबी कार्डं, परीक्षेसाठी केलेली,
अक्षर अजून तिसरीतलंच, उजवीकडे कलणारं.

एक खोली. आई, मूल, चार खेळणी.
आई बाहेर जाते.
तीन मिनिटांनी परत येते.
मूल किती रडलं याला फार महत्त्व नाही,
आई परतल्यावर ते काय करतं ते बघा.
अ : तोंड फिरवतं.
ब : बिलगतं, शांत होतं.
क : बिलगतं आणि मारतंही.

माझी तीन मिनिटं अकरा महिने चालली.
व्हिसा एकीचाच आला होता.
तू तेरा महिन्यांची, इचलकरंजीत, सुलूवन्संच्या कडेवर,
आणि तुला टाटा करायला नुकताच येऊ लागला होता.
मधलं फारसं आठवत नाही.
खरवडायची फोनकार्डं, नखांत त्यांचा राखाडी भुगा.
पलीकडून यंत्रमागांची खडखड, आणि वन्संचं
‘बोल ना, बोल, आई आहे.’
तू बोलायची नाहीस. श्वास यायचा नुसता.
पौंडाला किती मिनिटं श्वास, ते मला पाठ होतं.

परतले ती खोलीही साधीच.
पंखा, सूतवाल्याचं कॅलेंडर, दारात मी, बॅगेसकट.
तू बघितलंस.
मग भिंतीवरच्या बटणांकडे बघत बसलीस,
माणसं बसस्टॉपवर बघतात तशी, दुसरीकडेच.
(मी कार्डावर बोट ठेवलं. अ.)
जेवणं झाली. वन्सं भांडी घ्यायला गेल्या.
तेव्हा मागून आलीस,
पावलं न वाजवता,
आणि माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलंस,
अर्धं खाल्लेलं, लाळेनं पार विरघळलेलं,
आणि लगेच पळालीस.

ह्याला अक्षर नव्हतं.
मी कार्डं दोनदा चाळली, मागची बाजूही बघितली.

केस पुसत आली. आता डीब्रीफ, म्हणाली,
प्रयोग कशाचा होता ते सहभागीला सांगायचं असतं.
सांगितलं. तुला काही विचारायचंय?
नाही, म्हटलं.
मग तिनंच, पेनाचं टोपण चावत,
आपल्या नेहमीच्या आवाजात:
बिस्किट कुठून आलं गं?

भूक लागली होती. रात्री डबा उघडलाच नव्हता.

तिनं तेही लिहून घेतलं.
क्रमांक चार, उपाशी होती.
निकालात धरू नये.