हवा

नव्वद हजार. त्यावर एक रुपया नाही.
वहीचं मधलं पान फाडून यादी केली,
खोडली, परत केली,
कारण लॅमिंग्टन रोडला भाव
सकाळी एक असतो, शटर ओढताना दुसरा.

नैनेशभाई म्हणाले, एवढ्यात पाण्याचं कशाला करते?
पंखा लाव, मस्त चालेल.
त्यांचं खरं होतं.
पण मी चाळिसाव्या मजल्यावरचे पोहण्याचे तलाव रंगवते,
अजून पायाही न खणलेल्या टॉवरांचे,
आणि त्या निळ्या पाण्याची एक लाट
माझ्या जुन्या मशीनला रात्रभर पुरते.
मे महिन्यात तर ते अर्ध्या लाटेवरच मान टाकतं.

मग कुठे हात आखडायचा ते ठरवलं.
काचेची कॅबिनेट नको, रंगीत दिवे नकोत,
नळ्या मऊच चालतील.
रॅम बत्तीस, पुढचं दिवाळीनंतर.
ग्राफिक कार्ड मीरा रोडच्या इर्शादचं;
तो सीएच्या परीक्षेसाठी खेळ सोडत होता
आणि खोका बंद करताना दोनदा म्हणाला,
जपून वापरा हां.
प्रोसेसर मात्र नवा, कुलूप नसलेला,
कंपनीने लिहिलंय त्याहून जोरात पळवायला.
किती पळेल ते ज्याचं त्याचं नशीब;
एका साच्यातली भावंडं तरी कुठे सारखी धावतात?

रेडिएटरपाशी अडले.
ॲल्युमिनियमचा सोळाशेने स्वस्त.
हात गेलाच होता,
फोनवर बाबांनी विचारलं, ब्लॉक कशाचा?
तांब्याचा.
मग एका पाण्यात दोघांना नांदवू नकोस,
एक दुसऱ्याला खाईल.

बाबांनी कॉम्प्युटर कधी चालूसुद्धा केलेला नाही.
एकतीस वर्षं भांडुपला पाणी खात्यात, चावीवाले.
पहाटे पावणेपाचला खांद्यावर लोखंडी चावी,
गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह फेरे मोजून उघडायचे,
टेकडीवरच्या वस्तीला साडेतीन फेरे जास्त.
कुठे लिहिलेलं नाही, म्हणतात, मनगटात आहे.

ब्लॉक जुनाच घेतला, हिरवा पडलेला.
आईने चिंच-मीठ लावून घासला
आणि देवाच्या ताम्हनाशेजारी उपडा घातला.
डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडून, पाच लिटर.
अख्ख्या यादीत तेवढ्याचीच घासाघीस केली नाही.

रविवारी जोडलं.
वीज फक्त पंपाला, बाकी सगळं मुकं.
प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरची घडी.
असंच किती वेळ? बाबांनी विचारलं.
चोवीस तास. थेंब दिसला तर दिसला,
नाहीतर पुढे एका थेंबात नव्वद हजार.
ते हसले नाहीत. स्टूल ओढून बसले.

पंप खरखरत होता.
मी पाणी वाढवलं, नळी चिमटली,
कॅबिनेट तान्ह्या पोरासारखी तिरकी धरली.
खरखर तशीच.
बाबांनी कपाटामागून सळई काढली,
रस्त्याखालची गळती ऐकायची.
एक टोक पंपावर, दुसरं कानामागच्या हाडावर,
डोळे मिटून.
गळत नाहीये. हवा अडकलीय,
तिकडे, वरच्या कोपऱ्यात.
हलवू नकोस आता. पाणी फिरू दे.

मी झोपून गेले.
जाग आली तेव्हा स्टूल रिकामं, चप्पल दाराशी नाही,
चावी खिळ्यावर नाही.
पंपाचा आवाज ऐकायला वाकावं लागलं.
टिश्यूच्या घड्यांवर पेन्सिलीने, त्यांच्या जाड अक्षरात:
१२.१० कोरडा. १.३० कोरडा.
३ वाजता कोरडा, आणि खाली रेघ.

पाच गिगाहर्ट्झचं संध्याकाळी बघू.
मी पायाखालच्या गार लादीवर तशीच उभी,
आणि स्वयंपाकघरातल्या नळाने
आधी हवा फुंकली,
दोनदा खोकला,
मग पाणी.