कोपराची उंची

पट्ट्याची उंची कागदावर आली होती: बत्तीस इंच.
मी तेवढीच धरली. जोड पक्के, रंग हिरवा,
लेव्हल अशी की तुरीचा दाणा ठेवला
तर जागचा हलू नये.
बारा वर्षं त्यावरून डाळ वाहिली
आणि डाळीवर वाकलेल्या बाया
संध्याकाळी रिक्षाची वाट बघत
वाकलेल्याच उभ्या राहिल्या.

मी म्हणायचो, वय झालं असेल.
सुपडाबाई तेव्हा चौतीस वर्षांची होती.

जळगावची एमआयडीसी, मे महिना,
पत्र्याखाली टरफलांचा धुरळा,
पापण्यासुद्धा पिवळ्या.
डाव्या हाताने दाणे पसरायचे, उजव्याने खडा टिपायचा.
खडा सुटला तर ओरडा,
सापडला तर काही नाही.
जेवणाच्या सुट्टीत कळण्याच्या भाकरीसोबत
बामची एकच डबी फिरायची,
लोणच्यासारखी.
निंबाबाईच्या पाठीवर बिब्ब्याचे डाग होते.
मला दिसले होते.
दिसले, आणि मी पाना शोधायला निघून गेलो.

मग भंगाळ्यांची वैदेही आली,
गळ्यात शिंप्यासारखी टेप.
दुखतं का, असं तिने कुणालाच विचारलं नाही.
विचारलं की सगळ्या नाहीच म्हणतात,
हजेरी जाते.
म्हणाली, हात मोडा, कोपर अंगाशी धरा,
आणि फरशीपासून कोपरापर्यंत टेप लावली.
सुपडाबाई एकोणचाळीस.
निंबाबाई छत्तीस.
लंकाबाई, सगळ्यांत उंच, साडेचाळीस.
मी वहीत डोकावून
बत्तीस शोधत राहिलो.
बत्तीस कुणाचीच नव्हती.

शेठ म्हणाले, मग बुटक्या बाया ठेवू,
आणि हसले.
गिरणी चालू होती, हसणं कुणाला ऐकू गेलं नाही.
पुढच्या पानावर वर्षाच्या आजारपणाचे खाडे होते.
तिथे त्यांचं बोट थांबलं,
बराच वेळ.

काम माझ्याकडे आलं.
पट्ट्याच्या पायांना आटे पाड, उंची वरखाली होऊ दे.
बुटकीच्या पायाखाली फळी.
पन्नासचं पोतं तीसचं कर,
आणि तेही जमिनीवर नको, कमरेइतक्या घोडीवर.
दर तासाला जागा बदल, मान वर.
त्या शास्त्राचं नाव तिने दोनदा सांगितलं.
लांबलचक होतं,
माझ्या जिभेवर त्याचा जोड बसला नाही.

नवव्या दिवशी फरशीवर उकिडवा बसून
शेवटच्या पायाला टाका मारत होतो.
सुपडाबाई बाजूला उभी. ठिणग्यांकडे नाही,
माझ्याकडे बघत होती.
"मिस्तरी, तुन्ही कंबर कोनी मोजी रे भाऊ?"

हसायचं म्हणून उठायला गेलो.
एक हात गुडघ्यावर, एक पट्ट्याच्या कडेवर,
डाव्या मांडीतून घोट्यापर्यंत
कुणी तरी गरम तार ओढत नेली.
एकतीस वर्षं मी जमिनीवर बसून
लोकांची टेबलं बनवतोय.

वैदेही टेप घेऊन आली.
"उभे राहा, काका."
"उभाच आहे," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही.
मोजलं. अडतीस लिहिलं,
मग खोडून चाळीस केलं.
"सरळ झालात तर लागेल."

पाठ अजून दुखते. सुपडाबाईच्या पिशवीत
बामची डबी अजून आहे,
पण काल ती घरी विसरली
आणि दुपारपर्यंत तिला आठवण झाली नाही.

मी स्वतःसाठी टेबल जोडलंय, पहिलंच.
घाईत एक कोपरा जरा वाकडा आलाय.
रंग अजून दिलेला नाही.
पोरं विचारतात, मिस्तरी, कधी देणार?
म्हटलं, थांबा,
उंची बरोबर आहे का
ते अजून बघतोय.